रात्रीच्या जेवणानंतरची दहा मिनिटे : बडोद्यातील नव्या मधुमेहींसाठी व्यायामाची वाट

मधुमेहाचे निदान झाले की घरात पहिली चर्चा साखर, भात आणि बटाट्याची होते, दुसरी गोळ्यांची होते, आणि व्यायामाचा विषय मात्र “आता रोज फिरायला जात जा” एवढ्या एका वाक्यात आटोपतो. किती फिरायचे, जेवणाआधी की नंतर, कोणत्या वेगाने, पायात काय घालून, आणि चालता चालता अंगाला कापरे भरले तर काय करायचे, हे बहुधा कोणी सांगत नाही. त्यामुळे नवा मधुमेही मोठ्या उत्साहाने पहाटे पाच वाजता कमाटीबाग हे उद्यान गाठतो, पहिल्याच दिवशी तासभर चालतो, चौथ्या दिवशी त्याच्या टाचा दुखू लागतात आणि दुसऱ्या आठवड्यात सगळेच थांबते.

हा लेख नव्याने निदान झालेल्या आणि आजवर फारसा व्यायाम न केलेल्या प्रौढ वाचकांसाठी आहे. त्यातील मजकूर मुख्यतः टाइप २ मधुमेहासंबंधी आहे. टाइप १ मधुमेह असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी आपली आखणी डॉक्टरांबरोबर बसूनच करावी, कारण त्यांच्या बाबतीत इन्सुलिनची मात्रा, आहार आणि व्यायाम यांचा मेळ माणसागणिक वेगळा बसवावा लागतो.

सुरुवात रात्रीच्या जेवणानंतर का करावी

माझे स्पष्ट मत असे आहे की नवख्या माणसाने पहाटेच्या लांब फेरीपासून नव्हे, तर रात्रीच्या जेवणानंतरच्या दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. आपल्या घरांत शतपावलीची रीत जुनीच आहे. ती टीव्हीसमोरच्या खुर्चीने हिरावून घेतली, एवढेच.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जेवणानंतर साधारण एक ते दोन तासांत रक्तातील साखर सर्वांत वर जाते. टाइप २ मधुमेहात शरीरात इन्सुलिन असूनही पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत, म्हणून ही साखर रक्तातच रेंगाळते. स्नायू काम करू लागला की मात्र त्याच्या पेशींच्या आत असलेले साखर वाहून नेणारे प्रथिन पृष्ठभागावर येते आणि रक्तातील साखर आत ओढून घेते, आणि हे काम इन्सुलिनची वाट न पाहता होते. पायांचे आणि नितंबांचे स्नायू शरीरातील सर्वांत मोठे स्नायू असल्यामुळे नुसते चालणेही या कामी चांगले उपयोगी पडते.

न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसातून एकदा, कोणत्याही वेळी तीस मिनिटे चालणे आणि प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटे चालणे, अशा दोन पद्धतींची त्यात तुलना होती. चालण्याचा एकूण वेळ दोन्हींत सारखाच होता, तरी जेवणानंतर चालल्यावर जेवणोत्तर साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी आढळली, आणि रात्रीच्या जेवणानंतरचा फरक २२ टक्के होता. त्याचे कारणही उघड आहे: रात्रीच्या जेवणात पिष्टमय पदार्थ जास्त असतात आणि त्यानंतर माणूस बसून राहतो किंवा झोपतो. बडोद्यातल्या आपल्या घरांत रात्री खिचडी-कढी, भाकरी किंवा थेपले असा बेत असतो, आणि तो हलका आहार मानला जातो. पचायला तो हलका असेलही, पण साखरेच्या दृष्टीने खिचडीची एक मोठी वाटी हलकी नाही.

म्हणून पहिले दोन आठवडे एवढेच करावे. जेवण संपल्यावर पंधरा ते तीस मिनिटांनी बूट घालून घराबाहेर पडावे आणि दहा मिनिटे चालावे. सोसायटीचे आवार, मोठी गच्ची, दांडिया बाजारात राहणाऱ्यांसाठी सुरसागरचा काठ, यांपैकी काहीही चालेल. जागेपेक्षा उजेड, सपाट जमीन आणि वाहनांपासून दूर असणे महत्त्वाचे आहे. वेग आरामाचा असावा, कारण भरल्या पोटी झपाझप चालल्याने पोटात कळा येतात आणि हृदयविकार असलेल्यांना छातीत दुखू शकते. या दोन आठवड्यांचा हेतू दमणे हा नसून ती वेळ रोजच्या दिनक्रमात पक्की करणे हा आहे.

पहिल्या दिवसाआधी: गोळ्यांचे पाकीट वाचावे

व्यायामाने साखर उतरते, आणि काही औषधेही ती उतरवतात. दोन्ही एकत्र आल्यावर ती गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. ही भीती सर्वांना सारखी नसते. ती कोणाला आहे आणि कोणाला जवळजवळ नाही, हे औषधाच्या घटकांवरून कळते, म्हणून पाकिटाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेली घटकांची नावे घरातल्या तरुण डोळ्यांकडून वाचून घ्यावीत आणि एका कागदावर लिहून ठेवावीत. पुढच्या बाजूवरील मोठे नाव कंपनीने दिलेले असते. त्यावरून काही समजत नाही.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यांपैकी एखादे नाव त्यात असेल, किंवा आपण इन्सुलिन घेत असाल, तर व्यायामाच्या वेळी साखर उतरण्याची शक्यता खरी आहे. आपल्याकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत देण्याची पद्धत फार रूढ आहे, त्यामुळे “मी फक्त एकच गोळी घेतो” असे म्हणणारे अनेक जण प्रत्यक्षात दोन औषधे घेत असतात. केवळ मेटफॉर्मिन, किंवा त्यासोबत सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यांपैकी काही असेल, तर चालण्याने साखर धोकादायक पातळीवर उतरणे क्वचितच घडते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि त्याबरोबर पाणीही जाते. ती घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात पाण्याची विशेष काळजी घ्यावी आणि उलट्या, जुलाब किंवा ताप असताना व्यायाम करू नये.

आणखी एका नावाकडे लक्ष द्यावे, ते म्हणजे व्होग्लिबोज किंवा अकार्बोज. ही औषधे आतड्यात साखरेचे विघटन मंद करतात. साखर उतरल्यावर अशा रुग्णाला घरातली साधी साखर किंवा साखरेचे सरबत दिले तर ते लवकर लागू पडत नाही. त्याला ग्लुकोजची पूडच द्यावी लागते. पुष्कळ तिहेरी गोळ्यांत ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज दोन्ही असतात, आणि ही गोष्ट घरच्यांना क्वचितच ठाऊक असते.

रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल या जातीची औषधे चालू असतील, तर साखर उतरल्यावरची धडधड आणि थरथर दबून जाते. घाम मात्र येतो. अशा व्यक्तीने चालताना अवेळी आलेला गार घाम हीच खूण समजावी.

पाय, डोळे आणि छाती

साध्या, आरामाच्या चालण्यासाठी प्रत्येकाने तपासण्यांची मोठी यादी पूर्ण करावी असे नाही. पुढे दिलेल्या गोष्टी मात्र टाळू नयेत.

पायांना सर्वांत अधिक वेळ द्यावा. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे पायांच्या मज्जातंतूंची संवेदना कमी होत जाते, आणि ज्या पायाला खडा बोचल्याचे कळत नाही त्या पायाला जखम झाल्याचेही कळत नाही. डॉक्टर एका बारीक नायलॉनच्या तंतूने तळव्याला स्पर्श करून ही संवेदना तपासतात. तपासणीला दोन-चार मिनिटे लागतात आणि ती दुखत नाही. टाइप २ मधुमेहात आजार कळण्याआधी काही वर्षे साखर वाढलेली असू शकते, म्हणून ही तपासणी निदानाच्या वेळीच मागून घ्यावी आणि दर वर्षी करावी. संवेदना कमी असली तरी चालणे बंद करावे लागत नाही, पण बूट आणि रोजची पाहणी यांत सवलत उरत नाही. तळव्यावर उघडी जखम असेल तर ती भरेपर्यंत चालण्याचा व्यायाम थांबवून खुर्चीत बसून हातांचा व्यायाम करावा.

बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी आणि बोटे आडवी दाबली जाऊ नयेत. मोजे सुती किंवा घाम टिपणारे, घट्ट इलॅस्टिक नसलेले आणि रोज धुतलेले असावेत. बूट घालण्याआधी ते उलटे करून झटकावेत आणि आत हात फिरवून पाहावा. नवे बूट पहिल्या दिवशी अर्ध्या तासापेक्षा जास्त वापरू नयेत. आणि रोज रात्री तळवे, टाचा आणि बोटांमधल्या बेचक्या पाहाव्यात; वाकून दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगावे. हवेलीतल्या गार फरशीवर अनवाणी चालण्याची सवय असलेल्या वडीलधाऱ्यांना घरातही चपला घाला असे सांगणे कठीण जाते, याची मला जाणीव आहे, तरी संवेदना कमी असेल तर हा आग्रह सोडू नये.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून निदानाच्या वेळी एकदा व्हायलाच हवी. शहरातील नेत्रतज्ज्ञांकडे किंवा सयाजी रुग्णालयात ती करून घेता येते. पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील, तर जड वजन उचलणे, श्वास रोखून जोर लावणे, उड्या मारणे आणि डोके खाली करणारी शीर्षासन, सर्वांगासन यांसारखी आसने यांमुळे डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. योगवर्गात जाणाऱ्यांनी पडद्याची तपासणी होईपर्यंत ही आसने, तसेच जोरात श्वास सोडण्याचे प्रकार बाजूला ठेवावेत. चालणे अशा रुग्णांनाही सहसा चालते, पण डॉक्टरांना विचारून.

हृदयाविषयी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. मधुमेहात हृदयाला रक्त कमी पडत असतानाही छातीत स्पष्ट दुखेलच असे नाही. चढ चढताना पूर्वी लागत नव्हती अशी धाप, जबडा, डावा हात किंवा पाठ यांत येणारी ओढ, विनाकारण मळमळ, अंधारी येणे, यांपैकी काहीही जाणवले तर त्याच क्षणी थांबावे आणि तपासणी झाल्याशिवाय पुन्हा सुरुवात करू नये. वय जास्त असेल, धूम्रपान असेल, किंवा रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंड यांची तक्रार असेल आणि चालण्यापेक्षा जड व्यायाम करण्याचा विचार असेल, तर आधी डॉक्टरांची अनुमती घ्यावी.

दहा मिनिटांपासून दीडशे मिनिटांपर्यंत

प्रौढ मधुमेहींसाठी जगभर मान्य झालेले उद्दिष्ट आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम वेगाच्या व्यायामाचे आहे. तो आठवड्यात किमान तीन दिवसांत विभागलेला असावा आणि सलग दोनपेक्षा जास्त दिवस रिकामे जाऊ देऊ नयेत. ही शेवटची अट अनेकांना अनावश्यक कडक वाटते, पण तिला आधार आहे: एका व्यायामाने शरीर इन्सुलिनला जी चांगली दाद देऊ लागते, तिचा परिणाम साधारण २४ ते ७२ तास टिकतो. रविवारी एकदाच दोन तास चालणाऱ्याला हा लाभ गुरुवारपर्यंत पुरत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून दुपारच्या जेवणानंतर किंवा नाश्त्यानंतर आणखी दहा मिनिटे जोडावीत. पाचव्या आठवड्याच्या सुमारास यांपैकी एक फेरी पंधरा-वीस मिनिटांची करून तिचा वेग वाढवावा. मध्यम वेग ओळखण्याची खूण सोपी आहे: चालताना शेजाऱ्याशी बोलता यावे, पण अभंग म्हणता येऊ नये. अभंग सहज म्हणता येत असेल तर वेग कमी आहे, आणि दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो जास्त आहे. मनगटावरच्या घड्याळातील नाडीच्या आकड्यापेक्षा मी या खुणेवर अधिक विसंबते, कारण काही मधुमेहींमध्ये हृदयाचे नियमन करणाऱ्या नसा दुर्बल झालेल्या असतात आणि काही जण नाडी मंद ठेवणारी औषधे घेत असतात. दोन्हींमध्ये आकडा फसवा निघतो. आठ ते बारा आठवड्यांत दीडशे मिनिटे गाठली तरी ती गती उत्तम समजावी.

पहाटेचे फिरणे आवडत असेल तर या टप्प्यावर ते अवश्य सुरू करावे. विश्वामित्रीच्या काठी १८७९ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या काळात उभी राहिलेली कमाटीबाग आजही शहरातील फिरणाऱ्यांची मोठी सोय आहे. तिथे सावली आहे आणि सोबतही मिळते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडच्या गटातील गोळी घेणाऱ्यांनी मात्र उपाशीपोटी निघण्याआधी घरच्या ग्लुकोज मीटरवर रक्तातील साखर पाहावी. ती दर डेसिलिटरला ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १५ ते ३० ग्रॅम कर्बोदके मिळतील असे काही, उदाहरणार्थ एक लहान केळे, खाऊन निघावे. ९० ते २५० च्या दरम्यान असेल तर निघायला हरकत नाही. २५० च्या वर असेल, आणि शिवाय तहान, मळमळ, थकवा असेल, तर व्यायाम न करता डॉक्टरांना कळवावे. टाइप १ मधुमेहात अशा वेळी कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून रक्तात साचणारे पदार्थ) तपासल्याशिवाय व्यायाम करूच नये. प्रकृती ठीक असेल आणि नुकतेच खाल्ल्यामुळे आकडा वाढलेला असेल, तर पाणी पिऊन आरामाचे चालणे चालते. ३०० च्या वर जड व्यायाम टाळावा.

सकाळच्या व्यायामानंतर मीटरवर आकडा वाढलेला दिसला म्हणून घाबरून जाऊ नये. पहाटे शरीरातील काही संप्रेरके यकृताकडून साखर सोडवून घेतात, आणि धावणे किंवा जोराचा व्यायाम केला की ते प्रमाण थोडा वेळ वाढते. एक-दोन तासांनी पुन्हा पाहिल्यास तो आकडा बहुधा खाली आलेला असतो.

फिरून परतताना रविवारी फाफडा-जिलेबीच्या दुकानाशी मंडळी थांबतात, त्याविषयीही सांगितले पाहिजे. अर्धा तास मध्यम वेगाने चालल्याने साधारण १०० ते १५० कॅलरी खर्च होतात, आणि एक मोठी जिलेबी व मूठभर फाफडा तेवढ्या सहज परत करतात. चालण्याचा साखरेवरचा लाभ याने सगळाच नाहीसा होतो असे नाही, पण वजन का उतरत नाही या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा या थांब्यावर असते. सोबतीसाठी थांबावे, चहा बिनसाखरेचा घ्यावा.

घरकाम करणाऱ्या स्त्रिया “दिवसभर पायावरच असते, वेगळे कशाला चालू?” असे विचारतात, आणि हा प्रश्न रास्त आहे. झाडणे, पुसणे, जिने चढणे यांचा उपयोग होतोच. सलग बसणे दर अर्ध्या तासाने मोडावे असे जे सांगितले जाते ते त्यांच्याकडून आपोआप घडते. पण हे काम तुटक असते, श्वास वाढेल असा सलग दहा मिनिटांचा वेग त्यात क्वचितच येतो. म्हणून त्यांनी वेगळा तास काढण्याची गरज नसली तरी रात्रीची दहा मिनिटे स्वतःची ठेवावीत आणि त्या वेळात भांडी दुसऱ्या कोणी घासावीत.

जोर आणि बैठका, थोड्या बदलून

बडोद्याला व्यायामाची परंपरा शिकवावी लागत नाही. दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि राजरत्न प्राध्यापक माणिकराव यांचे नाव जुन्या मराठी कुटुंबांत आजही आदराने घेतले जाते, आणि अनेकांच्या आजोबांनी तिथल्या मातीत जोर-बैठका काढल्या आहेत. मधुमेहींना या वारशाचा विशेष उपयोग आहे, कारण जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात आणि वयाबरोबर स्नायू झिजत जातात. नुसते चालून ही झीज पुरेशी थांबत नाही. आठवड्यातून दोन ते तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, ताकदीचा व्यायाम हवा.

साठीतल्या नवख्या माणसाने जमिनीवरचे जोर काढू नयेत. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळहात भिंतीला टेकवावेत, कोपरे वाकवून छाती भिंतीजवळ न्यावी आणि परत यावे. हे झाले भिंतीवरचे जोर. बैठकांऐवजी पक्क्या, न सरकणाऱ्या खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठावे आणि हळूहळू बसावे; गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर एक जाड उशी ठेवावी. स्वयंपाकघरातील ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो वजन; दोन्ही हातांत अशा बाटल्या घेऊन कोपरातून वाकवाव्यात आणि पुढे खांद्यापर्यंत उचलाव्यात. प्रत्येक प्रकार आठ ते दहा वेळा, एक फेरी, एवढ्यापासून आरंभ करून महिन्याभरात दोन-तीन फेऱ्यांपर्यंत जावे. जोर लावताना श्वास सोडावा, कधीही रोखून धरू नये. पासष्टीच्या पुढच्यांनी ओट्याजवळच एका पायावर काही सेकंद उभे राहण्याचा सराव जोडावा, कारण पायांची संवेदना कमी झाली की तोल जातो आणि पडण्याची भीती वाढते.

सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी ते चालू ठेवावेत, पण उठताना भोवळ येत असेल किंवा डोळ्यांच्या पडद्याची तक्रार असेल तर आधी विचारावे.

शुगर उतरली तर

अंगाला कापरे, गार घाम, धडधड, एकाएकी कडकडून भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ, डोळ्यांपुढे धूसर दिसणे, ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. मीटरवर ७० च्या खाली आकडा म्हणजे साखर उतरली असे समजावे आणि ५४ च्या खाली म्हणजे परिस्थिती गंभीर आहे. “घर जवळच आले” म्हणून चालत राहू नये. तिथेच बसावे, साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोज पुडीचे तीन चमचे पाण्यात घालून किंवा तसेच, घ्यावे आणि १५ मिनिटे थांबून पुन्हा तपासावे. अजूनही ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा घ्यावे. आकडा वर आल्यावर पोळी, बिस्किटे किंवा दूध असे काही खावे. चॉकलेट किंवा पेढा या कामासाठी योग्य नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. अशा वेळी १०८ ला फोन करावा.

फिरायला निघताना खिशात ग्लुकोजची पुडी, मोबाइल आणि एक चिठ्ठी असावी. चिठ्ठीवर आपले नाव, “मला मधुमेह आहे” हे वाक्य, औषधांची नावे आणि घरचा नंबर लिहावा, आणि ती शक्यतो गुजरातीतही असावी, कारण रस्त्यावर मदतीला धावून येणारा माणूस मराठी वाचणारा असेलच असे नाही.

साखर व्यायामानंतर कित्येक तासांनी, अगदी झोपेतही उतरू शकते, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांची. रोजच्यापेक्षा जास्त व्यायाम झालेल्या दिवशी झोपण्याआधी एकदा मीटर पाहावे. तसेच, मांडीत इन्सुलिन टोचून लगेच चालायला किंवा पळायला जाऊ नये. राबत्या स्नायूजवळून ते लवकर शोषले जाते. पोटावर टोचणे त्या मानाने बरे.

ऊन, पाऊस आणि नवरात्र

एप्रिल-मे महिन्यांत बडोद्याचे तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते. त्या दिवसांत सकाळचे फिरणे सातच्या आत संपवावे आणि संध्याकाळी रस्ता निवल्याशिवाय निघू नये. पाणी तहान लागण्याआधी प्यावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर किती प्यावे हे डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन आणि मीटरच्या पट्ट्या स्कूटरच्या डिकीत ठेवू नयेत, कारण तिथल्या उष्णतेने दोन्ही निकामी होतात. पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर येतो तेव्हा साचलेल्या पाण्यातून चालणे मधुमेहींनी कटाक्षाने टाळावे. पायावरची लहानशी चीरही त्या पाण्याने चिघळते. पाय भिजलेच तर धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. पावसाच्या दिवसांत घरातल्या घरात जागच्या जागी दहा मिनिटे पावले उचलली तरी नेम मोडत नाही.

नवरात्रासाठी वेगळी तयारी लागते. बडोद्यात राहून गरबा खेळू नका असे मी कोणाला सांगणार नाही. दोन-तीन तासांचा गरबा हा उत्तम व्यायाम आहे आणि वर्षभर न चालणारी माणसेही त्या नऊ रात्री आनंदाने घाम गाळतात. अडचण तीन गोष्टी एकत्र येण्याची आहे: दिवसाचा उपवास, रात्री उशिरापर्यंतचे नृत्य आणि अनवाणी पाय. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने घटस्थापनेच्या आधीच डॉक्टरांकडे जाऊन उपवासाच्या आणि गरब्याच्या दिवसांतील मात्रा ठरवून घ्यावी. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे किंवा उपाशी राहून ती घेणे, दोन्ही धोक्याचे आहे. निर्जळी उपवास अशा व्यक्तीने करू नये. साबुदाण्याची खिचडी जवळजवळ निव्वळ पिष्टाची असल्याने साखर झपाट्याने वाढवते; तिच्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दही, मोजके शेंगदाणे असा फराळ बरा.

मैदानावर जाण्याआधी साखर पाहावी, मध्यंतरात पाणी प्यावे आणि लक्षणे वाटल्यास पुन्हा पाहावी, घरी आल्यावर झोपण्याआधी तिसऱ्यांदा पाहावी आणि ती १०० च्या खाली असेल तर दुधाबरोबर काहीतरी खाऊनच झोपावे. बरोबरच्या मंडळींपैकी एकाला तरी आपल्याला मधुमेह आहे आणि ग्लुकोज कोणत्या पिशवीत आहे हे ठाऊक असावे. ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी आहे त्यांनी अनवाणी खेळू नये. देवीपुढे बूट घालून कसे नाचायचे, हा संकोच मी समजू शकते. अशा भाविकांनी बूट न काढता बाहेरूनच आरतीला हात जोडावेत आणि मैदानात मऊ, पायाला बसणारे बूट घालूनच फेर धरावा. घरी परतल्यावर दिव्याच्या उजेडात तळवे पाहिल्याशिवाय त्या रात्री झोपू नये.

तीन महिन्यांनी

एका साध्या वहीत तारीख, किती मिनिटे चाललो, जेवणाआधी की नंतर, आणि मीटरचा आकडा एवढे लिहावे. रोज अनेकदा बोट टोचण्याची आवश्यकता नाही. आठवड्यातून दोन दिवस रात्रीच्या जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर पाहिली, आणि त्यांपैकी एका दिवशी मुद्दाम चाललो नाही, तर चालण्याने आपल्या शरीरात नेमका किती फरक पडतो हे आपल्यालाच आकड्यांत दिसते. माझ्या पाहण्यात या एका तुलनेने जितकी माणसे चालू लागली तितकी कोणाच्या उपदेशाने लागली नाहीत.

एचबीए१सी ही रक्ताची तपासणी मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवते, म्हणून ती त्याआधी पुन्हा करून फारसे हाती लागत नाही. नियमित व्यायामाने तिच्यात सरासरी ०.६ ते ०.७ टक्क्यांची घट होते आणि वजन फारसे उतरले नाही तरी ती होते, त्यामुळे काटा हलला नाही म्हणून व्यायाम सोडू नये. आकडे सुधारले असतील किंवा साखर वारंवार ७० च्या जवळ येत असेल, तर औषधाची मात्रा कमी करण्याविषयी डॉक्टरांना आपणहून विचारावे. त्या भेटीला जाताना वही, मीटर आणि रोज चालण्याचे बूट बरोबर न्यावेत. बुटाचा तळ कोणत्या बाजूने झिजला आहे यावरून तळव्यावर कुठे जास्त दाब येतो ते कळते, आणि फोड येण्याआधीच तिथे मऊ गादी बसवून घेता येते.